अंगठ्याएवढी माणसं

३ सप्टेंबर २०२३

प्रिय शिवकन्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो: आई ठणठणीत आहे, मीही बरा आहे. जनावरंही बरी आहेत. तसली वाईट बातमी द्यायला हे पत्र नाही. तुला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. तू औरंगाबादला शिकत होतीस तेव्हा आई फोन करायची आणि मी मागून ओरडायचो, धपाटे पोचले का विचार. आताही दर रविवारी तुझा फोन येतो आणि माझ्या वाट्याला तुझी दोन वाक्यं येतात, तब्येत कशी आहे आणि आईकडे द्या. मी 'बरी आहे' म्हणतो आणि देतो. एवढ्याशा जागेत मला सांगायचंय ते मावत नाही. आणि तोंडाने सांगायला गेलो तर भलतंच काहीतरी बोलून मोकळा होईन, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. कागदावर निदान खोडता येतं. सकाळपासून हा चौथा कागद आहे.

इकडे सबंध ऑगस्ट कोरडा गेला. सोयाबीनला लागलेली फुलं गळून पडली. विहिरीवरची मोटार अर्धा तास पाणी देते आणि मग हवा ओढायला लागते. नांदूरघाटच्या बाजारात आतापासूनच माणसं दुभत्या म्हशी विकायला आणताहेत आणि जो तो एकच बोलतो, सोळा सालासारखं होणार. सोळा साल म्हटलं की त्यांना टँकर आठवतो, चारा छावणी आठवते. मला तुझी पत्र्याची पेटी आठवते. मग मी ताट अर्ध्यावर ठेवून उठतो. तुझी आई म्हणते पित्त झालंय, आणि मी मान हलवतो.

आधी एक गोष्ट सांगतो. आईने ती तुला सांगितलेली नाही, कारण मी तिला सांगू दिली नाही. गेली चार वर्षं मी तुझी ती मिनिएचर रंगवतो. 'बाहुल्या' म्हटलं की तू चिडायचीस, म्हणून नीट नाव लिहिलं. अंगठ्याएवढी ती माणसं, पंखवाले अजगर, कुऱ्हाड खांद्यावर टाकलेले बुटके लोहार, चिलखतातले स्वार. मी, दूध संस्थेचा सुंदरराव चेअरमन, दुपारी जेवून तुझ्या खोलीत बसतो, केजच्या घड्याळवाल्याकडून आणलेली भिंगाची पट्टी डोक्याला बांधतो आणि एका चेटकिणीच्या पदराला काठ काढतो. पहिल्यांदा आईने दार उघडून बघितलं. चहा ठेवला आणि दार लोटून गेली.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. दूध संस्थेला कुलूप लागलं तेव्हा मला दिवसभर काही कामच उरलं नाही. त्या उन्हाळ्यात तुझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात तुझी न रंगवलेली अकरा माणसं होती, करड्या रंगाची, कागदात गुंडाळलेली, आणि रंगाच्या बाटल्या, काही वाळलेल्या, काही ओल्या. मी त्यातला मोठा राक्षस घेतला. म्हटलं यात काय अवघड आहे, पोळ्याला इतकी वर्षं बैलांची शिंगं रंगवली. लाल रंग घेतला आणि फासला. त्याचं नाक गेलं, डोळे बुजले, बोटं एकमेकांना चिकटली. त्याच्याकडे बघून मला जी लाज वाटली ती कशाची होती हे तेव्हा कळलं नाही. तुझी आणखी एक वस्तू मी खराब केली, एवढंच डोक्यात आलं. दोन दिवस तो राक्षस मी सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो. दुरुस्त कसा करायचा हे विचारावं असा गावात एकच माणूस होता.

शहादेवचं नाव वाचून पत्र खाली ठेवू नकोस. मला ठाऊक आहे, आईने विषय काढला की तू फोन ठेवतेस. तरी वाच.

मी त्यांच्या वस्तीवर गेलो तेव्हा तो नुकताच ऊसतोडीवरून परतला होता. अंगणात कौशल्याबाई, त्याची आई, भाकरी थापत होती. मला बघून तिने पदर सावरला आणि खाट टाक म्हणाली. आधीच्या तीन वर्षांत मी त्या घराकडे फिरकलो नव्हतो. तुला माहीत आहे, मी त्याला संस्थेतून काढून टाकलं होतं. तो मला काहीही म्हणू शकला असता. मी खिशातून रुमाल काढला, सोडला आणि तो राक्षस त्याच्या तळहातावर ठेवला. त्याचे हात उसाच्या पाचटाने चिरलेले होते, तरी त्याने तो असा धरला जसा तू धरायचीस, फक्त पायाखालच्या चकतीला. उन्हात फिरवून बघितला. मग म्हणाला, "अण्णा, रंग लई जाड लावलाय."

एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला, राक्षस रंग काढायच्या द्रावणात भिजत घातला, दात घासायच्या ब्रशने खरवडला आणि त्याचं नाक परत वर आलं. तेव्हापासून दरवर्षी उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत, गावात असेल तेवढे महिने, तो दुपारी येतो. त्याने मला सगळं पहिल्यापासून शिकवलं. रंग दुधासारखा पातळ करायचा आणि दोन हात द्यायचे. कोपर टेबलाला टेकवायचं. डोळ्याचा ठिपका देताना श्वास सोडून मग हात हलवायचा. पातळ काळा रंग अंगभर सोडला की तो आपोआप सुरकुत्यांत आणि कपड्याच्या घड्यांत जाऊन बसतो आणि माणूस जिवंत दिसायला लागतो. आणि ब्रश धुवायला एकच वाटी पाणी, दिवसभर तेच. हे त्याने सांगायची गरज नव्हती. त्या राक्षसाला मी शेवटी आपल्या लाल कंधारी बैलाचा रंग दिला. शहादेव म्हणाला, ताईंनी बघितला असता तर हसल्या असत्या.

तुला तो सोळा सालच्या दुष्काळात पहिल्यांदा आपल्या ओसरीवर आला ती दुपार आठवत असेल. वसतिगृहाला पाणी पुरेना म्हणून तुम्हा मुलींना परीक्षेआधीच घरी धाडलं होतं. तू मैत्रिणीकडून शिकून आलेली ही कला घेऊन ओसरीवर बसायचीस. शहादेवला मी संस्थेत दुधाची फॅट काढायला लावलं होतं आणि संस्थेच्या चारा छावणीची नोंदवहीही त्याच्याचकडे होती. वहीवर माझी सही घ्यायला आला आणि तुझ्या टेबलाजवळ थबकला. बारीक नळीवरच्या रेघा रोज वाचणारा माणूस, त्याची नजर आणि हात दोन्ही स्थिर. आठवड्याभरात तू त्याला ब्रश दिलास. मला ते आवडलं नव्हतं, खरं सांगतो. ऊसतोड्याचा मुलगा चेअरमनच्या मुलीसमोर बसून खेळणी रंगवतो, लोक काय म्हणतील, हेच मनात. तुम्ही दोघं बोलतसुद्धा नव्हतात, माना खाली घालून काम करायचात. तुझ्या आईला ते बघायला आवडायचं.

आता तो गुरुवार. तू तेव्हा तलवाड्याला मावशीकडे गेली होतीस, म्हणून छावणीत काय झालं ते तुला लोकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक आहे. सकाळी साप्ताहिक आलं. पहिल्या पानावर दोन फोटो शेजारी शेजारी. एकात टँकरभोवती बायकांच्या रिकाम्या घागरी. दुसऱ्यात तुझं टेबल, त्यावर तुझी चाळीस-पन्नास माणसं रांगेने उभी, आणि पुढे रंगीत पाण्याने भरलेला पेला. वर ठळक अक्षरात, छावणीत जनावरं तहानलेली, चेअरमनच्या घरी बाहुल्यांना रंगपंचमी. संस्थेची निवडणूक दीड महिन्यावर होती. मी छावणीत पोचलो तेव्हा दोनशे माणूस जमलं होतं. कोणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. भिवराबाई पुढे आली, तिच्या दोन म्हशी आपल्याच छावणीत होत्या. ती म्हणाली, "अण्णा, रंग धुवायला पानी हाय अन् म्हशीला न्हाई, आसं कावून?"

त्या पेल्यात अर्धा लिटरही पाणी नव्हतं. पण हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, मला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणालो, पोरीने माझ्या माघारी हा उद्योग केला. तेवढ्याने लोक हलेनात, म्हणून घरी जाऊन तुझी पेटी आणली आणि सगळ्यांसमोर शेणाच्या खड्ड्यात उपडी केली. हे रागात केलं असं तू समजतेस. आईलाही मी तसंच सांगितलं. मला राग आला नव्हता, शिवकन्या. मी पेटी उचलली तेव्हा माझं सगळं लक्ष लोकांच्या तोंडाकडे होतं, कोणाची मान हलते आहे ते मी बघत होतो.

संध्याकाळच्या एसटीने तू आलीस. पेटी कुठे आहे हे तू विचारलंच नाहीस, तुला स्टँडवरच कळलं होतं. तू विचारलंस, फोटो कोणी काढू दिला. मी म्हणालो, "शहादेवच्या हातात मोबाईल असतो, वही घेऊन घरात येतो जातो, त्यालाच विचार." तू त्याला विचारायलाही गेली नाहीस. तुझ्या चेहऱ्यावर जे दिसलं ते पेटी गेल्याच्या दुःखापेक्षा मोठं होतं. सकाळी तू पुण्याची गाडी धरलीस. पुढच्या आठवड्यात मी शहादेवला संस्थेतून कमी केलं. लोकांना ते पटलं. मी अकरा मतांनी निवडून आलो आणि तीन वर्षांच्या आत दूध आटून संस्था बंद पडली.

पुढच्या पावसाळ्याआधी त्या खड्ड्यातलं खत रानात पडलं. तेव्हापासून आपल्या रानात तुझी माणसं सापडतात. ज्वारी खुरपताना बायकांना कधी पंखाचा घोडा मिळतो, कधी मुंडकं नसलेला स्वार. त्या आईकडे आणून देतात. आई ती धुऊन देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवते. आतापर्यंत एकोणीस जमली आहेत. काहींचा तू दिलेला रंग अजून शाबूत आहे. शहादेवने दोघांना नवीन हात बसवून दिले. बाकीच्यांना त्याने हात लावला नाही, म्हणाला, ताईंना विचारल्याशिवाय नको.

आता जूनमधलं सांगतो. आईने मला सांगितलं की तू आणि तुझ्या तीन मैत्रिणींनी पुण्यात खोली घेतली आहे, परदेशात या माणसांच्या लढाया खेळणारे लोक तुमच्याकडे सैन्यंच्या सैन्यं रंगवायला पाठवतात, आणि तुम्हाला आणखी दोन चांगले हात हवेत. मी ते ऐकलं आणि मागचापुढचा विचार न करता शहादेवकडे गेलो. म्हटलं, तुझं काम पाठव. तो नको म्हणाला. मीच मागे लागलो. म्हटलं, इतकी वर्षं झाली, ती विसरली असेल. असं बोलताना मला माहीत होतं की तू विसरलेली नाहीस, आणि का विसरलेली नाहीस हेही माहीत होतं. पण मला वाटलं, हे परस्पर जुळून गेलं तर मला काही बोलावंच लागणार नाही.

त्याने पाठवलेलं काम तू उघडून बघितलंस का, ठाऊक नाही. ते कसं झालं ते मला ठाऊक आहे. गेल्या हंगामात त्याने ते ऊसतोडीवर नेलं होतं. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोपीत, सुट्टीच्या दिवशी, दारातल्या उजेडात बसून त्याने ती तलवारवाली राक्षसीण रंगवली. तिच्या कमरेला त्याने मातीच्या लगद्याने लेकरू बांधलं. मुंगीएवढं लेकरू, पण झोपलंय हे कळतं. त्याची बायको त्याच्याबरोबर तोडीला असते आणि तिच्याही पाठीशी असंच लेकरू असतं. पार्सल गेलं आणि बाराव्या दिवशी परत आलं. आत तुझ्या हाताची चिठ्ठी होती, तुम्हाला इथे जागा नाही. त्याने ती मला दाखवली. तक्रार म्हणून नाही, पार्सल परत का आलं असं मी विचारलं म्हणून. मग त्याने राक्षसीण कापसात गुंडाळून ठेवली आणि माझ्या बुटक्या लोहाराच्या दाढीत कुठे रंग जास्त झालाय ते दाखवायला लागला.

तेव्हापासून मला चैन नाही. ब्रश धरला तर डोळ्याचा ठिपका गालावर जातो. दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक येईल आणि ती दोघं लेकरू घेऊन त्यात बसतील. या वर्षी ऊसही कमी आहे, टोळी लांब कर्नाटकात जाईल म्हणतात. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना आता सकाळी मुंग्या येतात. मला सांगत नाही, पण मी बघतो, तो बोटं चोळून मग ब्रश उचलतो. आणखी किती हंगाम तो हात राहील याची मला रोज काळजी वाटते. मागच्या मंगळवारी मी त्याला म्हणालो, मी शिवकन्येला फोन करतो. त्याने मान वर न करता विचारलं, काय सांगणार. मी ब्रश धुवायला लागलो. तेव्हा तो म्हणाला, "नका सांगू, अण्णा. मला समदं ठावं हाय. ताईंना कळलं तर त्या तुमच्याशीबी बोलायच्या न्हाईत. तुमचं एकच लेकरू हाय." इतकी वर्षं तो माझ्यासमोर बसून मला रंग पातळ करायला शिकवत होता आणि इतकी वर्षं त्याला माहीत होतं.

म्हणून हे पत्र. तो फोटो शहादेवने काढू दिला नाही. मी दिला. त्या आधीच्या मंगळवारी तो साप्ताहिकवाला छावणी बघायला आला होता. निवडणूक तोंडावर होती, चार शब्द बरे लिहून यावेत म्हणून मी त्याला घरी चहाला आणलं. तू आणि आई तलवाड्याला गेला होतात. चहा होता होता मीच उठलो, तुझी पेटी उघडली आणि एकेक करून सगळी माणसं टेबलावर मांडली. पेलासुद्धा मीच पुढे सरकवला, तुझे ब्रश त्यात होते म्हणून. नोंदवही घेऊन आलेला शहादेव दारातून हे बघून मागे फिरला होता, हेही त्याने मागच्या मंगळवारीच सांगितलं. त्या माणसाने विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हणालो, "माझ्या लेकीने. असा हात सगळ्या जिल्ह्यात नाही." छाती फुगवून म्हणालो. एका परक्या माणसापुढे म्हणालो आणि दोन दिवसांनी आपल्याच माणसांपुढे ते मला म्हणता आलं नाही. तुझ्यासमोर तर आजच म्हणतोय. आज सकाळी हे आईला सांगितलं. ती दुपारपासून शेतात आहे, अजून आली नाही. शहादेवला कामावर घे असं मी म्हणत नाही, तो हक्क मला नाही. त्याचं काम बघ आणि त्यावरून ठरव, फोटोवरून ठरवू नकोस. त्याला दसऱ्याआधी कळव. माझ्याशी बोलायचं की नाही, ते ठरवायला घाई नाही.

तुझाच,
अण्णा